बेल्जियमला विसर्जन

लिफ्टचं दार उघडलं आणि अभिनव दातीरने बाहेर टाकायला उचललेला पाय तसाच अधांतरी धरला. समोरच्या फरशीवर हळदीकुंकवाची पावलं उमटलेली होती. चिमुकली, सुबक, पाची बोटं दाखवणारी. ती लिफ्टच्या दारातून निघून, 'पिशव्या आत नेऊ नयेत' या पाटीखालून वळून थेट मोठ्या दालनात गेली होती. कुठे पाय ठेवावा याचा विचार करत अभिनव एका पायावर उभा राहिला. लिफ्टच्या दाराला इतका धीर नव्हता. ते त्याच्या पाठीवर आपटलं आणि त्याचा बूट नेमका गौरीच्या डाव्या पावलावर पडला.

"शी!" तो स्वतःलाच म्हणाला. सकाळपासून एवढाच शब्द तो बोलला होता, आणि दिवसभर पुरेल असं त्याला वाटलं होतं.

कुणाच्या घरी भाद्रपदात गौरीची पावलं दिसली तर माणूस हात जोडतो, प्रसाद घेतो आणि पुढच्या घरी जातो. पण हे घर नव्हतं. हे कोथरूडच्या एका गल्लीतलं दाभाडकर वस्त्रसंग्रहालय होतं, अभिनव तिथे कराराने लागलेला सहायक अभिरक्षक होता, आणि आत जे प्रदर्शन मांडलेलं होतं त्यात देवाधर्माचा काही संबंध नव्हता. असूच नये, अशी ज्यांचं प्रदर्शन होतं त्या बाईंची सक्त ताकीद होती.

त्या बाई म्हणजे जया मुजुमदार. वय सत्तरीच्या पुढे, मूळच्या पुण्याच्या, आणि गेली चाळीसेक वर्षं युरोपात कपडे घडवणाऱ्या नामांकित डिझायनर. इरकलीचा फ्रॉक कोट, खणाची टाय, इस्तंबुली सलवारीवर इंग्रजी जाकीट असली लग्नं लावण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं हे प्रदर्शन पहिल्यांदाच त्यांच्या गावात लागलं होतं. दारातच त्यांचं एक वाक्य मोठ्या अक्षरांत लावलं होतं: 'या शहराने मला हाकललं, म्हणून मी जग पाहिलं.' पुण्याने हे वाक्य वाचलंही नव्हतं, कारण पुणं आलंच नव्हतं. उन्हातून टेकायला आलेलं एखादं जोडपं आणि माहितीफलकांवरचे ऱ्हस्वदीर्घ तपासणारे एक निवृत्त गृहस्थ, एवढीच काय ती वर्दळ.

प्रदर्शनाचा राजा होता 'सीमोल्लंघन' नावाचा गाऊन. पुढून पैठणीचा काष्टा, इतका चापूनचोपून की जवळजवळ विजारच. मागून विलायती मेजवानीतला घोळ, अर्धी फरशी अडवणारा. बाह्या किमोनोच्या. तो ज्या पुतळ्याला नेसवला होता त्याला डोकं नव्हतं. कुठल्याच पुतळ्याला नव्हतं. "चेहरा दिला की लोक चेहरा बघतात," जयाबाईंनी बजावलं होतं, "त्यांनी माझा कपडा बघायला हवाय."

आणि हा गाऊन आज दुपारी निघणार होता. गाडी येणार, तो खोक्यात बसणार, मुंबईला जाणार आणि तिथून बेल्जियमच्या विमानात. तिथल्या मोठ्या संग्रहालयात जयाबाईंचं याहून भव्य प्रदर्शन लागायचं होतं. बाकीचे कपडे मागाहून सावकाश जाणार होते, पण पोस्टरवर हा गाऊन झळकणार होता आणि त्याचा फोटो काढायची वेळ ठरलेली होती. जयाबाईंनी त्या पोस्टरची जन्मभर वाट पाहिली होती आणि तसं त्या लपवतही नव्हत्या. संचालक अभिनवला म्हणाले होते, "गाऊन तेवढा नीट रवाना कर. मग तुझ्या कराराचं बघू." एवढं बोलून ते गौरीगणपतीसाठी कोकणात निघून गेले होते. संग्रहालयातले सगळेच कुठे ना कुठे निघून गेले होते. उरले होते दोघं, एक अभिनव आणि दुसऱ्या झाडलोट करणाऱ्या मुक्ताई.

अभिनव पावलं चुकवत, उड्या मारत दालनात पोचला. 'सीमोल्लंघन'ला डोकं आलं होतं.

पितळेचं, लखलखीत, नाकात नथ, कपाळावर मळवट. शेजारच्या इरकली फ्रॉक कोटालाही तसंच डोकं होतं, किंचित धाकटं. दोघींच्या मध्ये जयाबाईंनी एका परदेशी ग्राहकाच्या मुलीसाठी शिवलेलं खणाचं झबलं घातलेला लहानसा पुतळा आणून ठेवला होता. गौरीचं बाळ! समोर समई. आणि वर, कपड्यांवर अचूक उजेड पडावा म्हणून खास मागवलेल्या दिव्यांच्या पट्ट्यांना दोऱ्याने बांधून करंज्या, सांजोऱ्या आणि कडाकण्या लोंबत होत्या.

"मावशी," अभिनव अगदी हळू म्हणाला. जोरात ओरडायचं त्राण त्याच्यात नव्हतं. "हे काय आहे?"

मुक्ताई वाती वळत होत्या. त्या परभणीकडच्या. नवरा वारज्याला एका सोसायटीत वॉचमन, तिथेच खोली. "लक्ष्म्या हायेत, सर. काल सांजच्याला बसवल्या. तुम्ही डोकं दुखतंय म्हणून लवकर गेलते तवा."

"ते दिसतंय मला. पण इथे का?"

"तुम्हीच म्हणले की."

"मी?"

"मी सुट्टी मागाया आले तवा. तुम्ही त्या डब्यात बघत म्हणले, मावशी, मलाच सुट्टी नाही, तुमचं काय असेल ते इथेच उरका."

डबा म्हणजे लॅपटॉप. अभिनवला ते आठवलं. त्या आठवड्यात समोर जो उभा राहील त्याने लवकर जावं म्हणून तो काहीही बोलला होता. पण माणूस एखादं वाक्य कंटाळून बोलतो आणि समोरचा ते मनावर घेऊन मखर उभारतो, हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. आपल्याकडे परवानगी मिळणं इतकं अवघड असतं की चुकून मिळालेलीही कुणी वाया घालवत नाही.

"औंदा लक्ष्म्या आमच्याकडं आल्या," मुक्ताई सांगत होत्या. "जावेनं मुखवटे पाठवून दिले. खोलीत बसवल्या असत्या, पर म्या दिसभर हितं, मालक तिकडं ड्युटीवर. लेकी घरला आल्या आन् घरात कुणीच न्हाई, बरं दिसतंय का? आन् ह्या दोघी तर उभ्याच होत्या, नेसून सवरून. नुसतं डोकं नव्हतं. सणासुदीला बिनमुंडक्याची बाई बघवती का सर तुम्हाला?"

"अहो, पण त्यांना हात लावायचा नसतो!"

"लावला न्हाई. गळ्याच्या खाली बोट लावलं न्हाई बघा. हळद न्हाई, कुंकू न्हाई, हार सुदीक समोर ठिवला. पाटी वाचली म्या."

अभिनवने चष्मा पुसून जवळ जाऊन पाहिलं. खरंच होतं. कापडावर एक ठिपका नव्हता. बाईंनी मुखवट्याखाली मानेभोवती स्वच्छ पांढरं फडकं गुंडाळलं होतं. म्हणजे रागवायला धड जागाही नव्हती, आणि रागावल्याशिवाय माणसाला मोकळं तर वाटत नाही.

"ठीक आहे. मुखवटे काढा आता. दुपारी गाडी येतेय."

"उद्या काढते."

"मावशी, आज!"

"आज पूजा हाय सर. आज पुरणाचं जेवान. उद्या निरोप. मधीच कसं उठवायचं?" मुक्ताई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "काल लक्ष्मी आली, सोन्याच्या पावलानं आली, म्हणत लिफ्टमधून आणल्यात त्यांना. आता काय सांगू, गाडी आलीया, चला?"

अभिनवने संचालकांना फोन लावला. लागला नाही. मग परिस्थिती सविस्तर लिहून निरोप पाठवला, सोबत फोटो जोडला. थोड्या वेळाने संचालकांचं उत्तर आलं: जोडलेल्या हातांचं चित्र. खाली लिहिलं होतं, 'सुंदर आरास. आपणांसही शुभेच्छा.'

तेवढ्यात लिफ्टमधून भाग्यश्री उकिडवे बाहेर आल्या. समोरच्या सोसायटीच्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. संग्रहालयात त्या पूर्वी एकदाच आल्या होत्या, तेही जनरेटरच्या आवाजाची तक्रार करायला. आजही तक्रारच घेऊन आल्या असाव्यात, पण पावलं बघून त्यांची चाल बदलली.

"अगं बाई! तुमच्याकडे गौरी? सांगायचं नाही का?"

"काकू, या गौरी नाहीत. म्हणजे वरून आहेत, पण खालून—"

"काय सुरेख नेसवलंय हो! आणि ही धाकटी कोटात? वा! दरवर्षी तेच तेच बघून कंटाळा येतो. कुणाची कल्पना?"

अभिनवने खरं ते सांगण्यासाठी श्वास घेतला. तो सोडेपर्यंत भाग्यश्रीकाकूंनी चार बाजूंनी फोटो काढले होते आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेही होते. सोबत मजकूर होता: 'समोरच्या म्युझियममध्ये गौरी. अप्रतिम देखावा. सर्वांनी लाभ घ्यावा. एसी आहे.'

या मजकुरातल्या शेवटच्या दोन शब्दांचं सामर्थ्य अभिनवला अजून कळायचं होतं.

गाडी आली तेव्हा रांग जिन्यातून खाली उतरून फाटकाबाहेर गेली होती. नटूनथटून आलेल्या बायका, हातात ओटीची तबकं, मागे ओढून आणलेले नवरे. फरशीवरची पावलं तुडवू नयेत म्हणून सगळा जथा भिंतीला चिकटून सरकत होता, आणि त्यामुळे अख्ख्या जन्मात कुणी वाचले नसते असे माहितीफलक बायका नाइलाजाने वाचत होत्या. इतक्या महिन्यांत जेवढी माणसं आली नाहीत तेवढी त्या एका दुपारी आली. अभिनव मध्ये उभा राहून "तेलाचा दिवा लांब ठेवा, कृपया, लांब" एवढंच म्हणत होता आणि लोकांना तो पुजारी वाटत होता. दोघींनी त्याला दक्षिणाही देऊ केली.

खोकं घेऊन वर आला तो फैझल. नाजूक वस्तू बांधून पोचवणाऱ्या कंपनीचा माणूस, जन्म पुण्यात, हातात पांढरे मोजे. त्याने रांग पाहिली, समई पाहिली, पितळेचे मुखवटे पाहिले आणि मोजे काढून खिशात ठेवले.

"सर, न्यायचा माल कुठला?"

अभिनवने बोट दाखवलं.

"हा?" फैझलने रांगेकडे पुन्हा एकदा पाहिलं. "सर, एक बोलू? माझं खोकं तयार आहे, माणसं तयार आहेत. पण खोकं कशासाठी आणलंय ते या बायकांना मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगा. मी खाली गाडीजवळ थांबतो."

"अरे, तू निदान इथे उभा तरी राहा."

"नको सर. मला याच गल्ल्यांतून रोज जायचंय."

शेवटी अभिनव खुर्चीवर चढला. महाविद्यालयात वक्तृत्वात त्याला उत्तेजनार्थ मिळालं होतं, ते आज उपयोगी पडेल असं त्याला क्षणभर वाटलं.

"भगिनींनो, एक मिनिट! हे वस्त्रप्रदर्शन आहे. हा एक गाऊन आहे. तो आत्ता बेल्जियमला जाणार आहे."

रांगेतल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"कुठे?" मागून कुणीतरी विचारलं.

"बेल्जियमला."

"विसर्जनाला?"

"नाही हो! पोस्टरसाठी!"

"अहो, विसर्जन कुठेही करा, तुमची ऐपत," भाग्यश्रीकाकू म्हणाल्या, "पण उद्या. आज पूजन आहे एवढं तरी ठाऊक आहे ना? का तेही फलकावर लिहून लावू?"

"बेल्जियमला वाहतं पाणी आहे का पण?" दुसरी एक जण म्हणाली.

"काकू, विमान थांबत नाही हो. माझी नोकरी आहे."

"माझ्या सुनेचीही आहे. तिने आज रजा टाकली."

अभिनव खुर्चीवरून उतरला. मुखवटे उचलून दुसऱ्या पुतळ्यांवर ठेवू, असा तोडगा त्याने मांडला. त्यावर रांगेतून "बसवलेली गौर हलवायची?" असा आवाज उठला, आणि तो एकीचा नव्हता. मग भाग्यश्रीकाकूंनी त्यांच्या गुरुजींना फोन लावून स्पीकरवर टाकला. गुरुजी कुठल्यातरी मंडपात होते, मागे ढोल वाजत होता. "उद्याच!" ते ओरडले. "मूळ नक्षत्रावर! उद्या दुपारनंतर केव्हाही!" आणि फोन बंद झाला. आता तर प्रश्न शास्त्राने सुटला होता, फक्त अभिनवच्या विरुद्ध.

राहता राहिल्या जयाबाई. त्या डेक्कनवरच्या हॉटेलात उतरल्या होत्या. अभिनवने कोपऱ्यात जाऊन फोन केला.

"मॅडम, इथे फार गर्दी झालीय. गाऊन हलवता येत नाहीये."

"गर्दी?" जयाबाईंचा आवाज एकदम तरुण झाला. "विरोध आहे का? मला माहीत होतं! घोषणा देतायत? शाई फेकली का कुणी?"

"नाही मॅडम."

"मग?"

"हळदीकुंकू चाललंय."

अभिनवने फोन कट झाला का ते पाहिलं.

"मी येते," जयाबाई म्हणाल्या. "मी आल्यावर दहा मिनिटांत तो गाऊन खोक्यात असेल. आणि तू, अभिनव, तू काहीही करू नकोस. तुझं करून झालंय."

जयाबाईंनी 'हाकललं' म्हटलं त्यामागे एक गोष्ट होती आणि ती त्यांनी हजार मुलाखतींत सांगितली होती. तरुणपणी त्यांनी पहिला काष्ट्याचा गाऊन शिवला आणि तो घालून एका समारंभात गेल्या. वर्तमानपत्रात चार पत्रं आली. वडील मुलींच्या शाळेत शिक्षक. ते म्हणाले, "हे घालून या घरात यायचं नाही." जयाबाईंनी गाऊन उतरवला नाही, त्यामुळे घरातही गेल्या नाहीत. वडील त्यानंतर बरीच वर्षं जगले, पण दोघांपैकी कुणीच माघार घेतली नाही. आता वडील नव्हते, भावाने घर विकून टाकलं होतं, आणि या शहरात त्यांचं म्हणावं असं काही उरलं असेल तर तो राग. तो त्यांनी नीट जपून ठेवला होता.

त्या आल्या तेव्हा काळा सुती झगा, पांढरे बूट आणि बारीक कापलेले पांढरे केस अशा थाटात तरातरा जिना चढल्या आणि रांग ओलांडून दालनाच्या दारापाशी पोचल्या.

"ओ ताई, लाईन आहे."

"मी जया मुजुमदार आहे."

"असाल. लाईन आहे."

"हे माझं प्रदर्शन आहे!"

"सगळ्यांचंच आहे," रांगेतली बाई म्हणाली. "आम्ही काय मुरमुरे वाटायला उभ्या आहोत? मागे जा."

जयाबाईंनी मिलानपासून टोकियोपर्यंत भल्याभल्यांना गप्प केलं होतं. पण ते लोक जेवून आलेले असत. इथे उपाशी, पैठणी नेसलेल्या, तासभर ताटकळलेल्या कोथरूडच्या बायका होत्या. जयाबाई गुमान मागे जाऊन उभ्या राहिल्या. अभिनव त्यांना आत घ्यायला धावला, पण त्याने रांगेत घुसवाघुसवी चालवल्याचा आरोप होऊन त्यालाही तिथेच थोपवण्यात आलं. शेवटी तोही बिचारा त्यांच्या मागे उभा राहिला.

आणि मग रांग मुंगीच्या पावलाने सरकत असताना जयाबाईंना पुढच्या दोघींचं बोलणं ऐकू येऊ लागलं. त्या 'सीमोल्लंघन'कडे मान वेळावून बघत होत्या.

"पुढून पँटच की गं. गाडीवर बसायला बरं."

"आणि मागचा घोळ?"

"तो डिकीत घालायचा."

"बाह्या सैल आहेत ते छान. पोळ्या लाटताना वर घेता येतात."

जयाबाईंना राहवलं नाही. "तुम्हाला हे बघून धक्का नाही बसत?" त्यांनी विचारलं.

दोघी वळल्या. "कशाचा?"

"म्हणजे, नऊवारीची ही अशी मोडतोड. परंपरेचा अपमान वगैरे."

"अहो, माझी मुलगी गौरीला फाटकी जीन्स घालून आलीय. ती बघा, त्या खांबाशी. फाटकीच विकत घेतली," पहिली म्हणाली. "हे निदान धड तरी आहे. फक्त एक खिसा हवा होता बघा."

"खिसा आहे," जयाबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"डावीकडच्या निरीत. आत. पाकीट मावेल एवढा."

"अय्या, खरंच? कुणाला सुचलं म्हणायचं हे!" त्या बाईंनी वळून ही बातमी मागच्यांना सांगितली, आणि 'खिसा आहे, खिसा आहे' असं रांगेतून फाटकापर्यंत गेलं. जयाबाई बघत राहिल्या. जगभरातल्या समीक्षकांनी या गाऊनवर पानंच्या पानं लिहिली होती. बंडखोरी, अस्मिता, पूर्व, पश्चिम. त्यातल्या एकालाही आजवर खिसा दिसला नव्हता. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा त्यांना राग आला. चाळीस वर्षं ज्या गावावर दात धरला त्या गावाला आपण हिला हाकललं होतं हेच आठवू नये, म्हणजे काय!

त्यांचा नंबर आला. मुक्ताई समोर बसल्या होत्या. जयाबाईंनी आवाज चढवला. "तुम्ही बसवल्यात या? हे ताबडतोब काढा. माझा गाऊन आहे हा. मी शिवलाय. त्याला जायचंय."

मुक्ताई उठल्या. कपाळाचा घाम पदराने पुसला. पहाटेपासून त्या उभ्याच होत्या. "तुमचा हाय व्हय? लई बेस शिवलाय." मग त्या बाजूला झाल्या. "माझ्यानं हुनार न्हाई. तुमचा हाय, तुम्ही उठवा."

अभिनवने डोळे मिटून घेतले. फैझल वर येऊन दारात उभा होता, त्यानेही मान खाली घातली.

जयाबाई पुढे झाल्या. त्यांचा देवावर विश्वास नव्हता. तसं त्यांनी अनेक भाषांत सांगितलेलं होतं. त्यांनी दोन्ही हात वर केले, पितळेच्या मुखवट्याच्या कानांपर्यंत नेले, आणि हात तिथेच राहिले. समोरच नैवेद्याचं ताट नुकतंच वाढून ठेवलेलं होतं. पुरणपोळी, त्यावर तूप, कढी, सोळा भाज्या, आंबील. अजून वाफ येत होती. वरून एक करंजी दोऱ्याला हळूहळू गोल फिरत होती.

"वर्षातनं एकदाच येती वो," मुक्ताई मागून म्हणाल्या. "लेक हाय. दोन दिस माहेरी जेवती, आन् जाती परत. जेवताना उठवून लावायचं म्हणजे..."

जयाबाईंचे हात खाली आले. त्या वळल्या आणि दारातल्या माणसाच्या शर्टावरचं नाव त्यांनी वाचलं.

"फैझल," अखेर त्या म्हणाल्या. "नाव हेच ना? उद्या ये."

"मॅडम, उद्या विमानात जागा नाही," फैझल अवघडून म्हणाला. "पुढच्या आठवड्यात बघावं लागेल."

"ऐकलं मी. उद्या ये."

"मॅडम, पोस्टर..." अभिनव पुटपुटला. "आणि संचालक..."

"संचालकांना मी सांगते. मीच थांबवला म्हणून. तुझा करार कुठे जात नाही, रडू नकोस."

अभिनव रडत नव्हता, पण आता रडावंसं त्याला वाटायला लागलं. भाग्यश्रीकाकूंनी एव्हाना पंगतीचा ताबा घेतला होता. सोसायटीतून सतरंज्या आणि जेवणाचे डबे आले, पत्रावळी मांडल्या गेल्या, आणि सवाष्ण कोण कोण बसणार याची मोजणी सुरू झाली.

"तुम्ही जेवलात का?" मुक्ताईंनी जयाबाईंना विचारलं.

"मी? नाही. हॉटेलात मिळेल काहीतरी."

"सणाच्या दिवशी हाटेलात? बसा."

"अहो, मी सवाष्ण वगैरे नाही. मी लग्नच केलेलं नाही."

"मग काय झालं? माहेरवाशीण म्हणून बसा," मुक्ताई म्हणाल्या आणि त्यांच्यासमोर पान मांडून मोकळ्याही झाल्या. जयाबाई पांढरे बूट काढून मांडी घालून बसल्या. गुडघा कडकन वाजला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बेल्जियमच्या बाई होत्या. जयाबाई इंग्रजीत बोलत होत्या, आणि शेजारी वाढायला वाकलेल्या अभिनवला सगळं ऐकू येत होतं.

"नाही, आज निघाला नाही... नाही, खराब झालेला नाही. उत्तम आहे... का म्हणजे? जेवतोय... हो, गाऊनच. जेवतोय म्हणाले मी... नाही, घाई करता येणार नाही. माहेरी आलाय." बराच वेळ पलीकडून बोलणं चाललं होतं. जयाबाई ऐकत राहिल्या. "समजलं," त्या म्हणाल्या. "मग दुसरा कुठला तरी लावा पोस्टरवर. तो निळा लावा. हो. माझी हरकत नाही."

त्यांनी फोन पालथा करून सतरंजीखाली सरकवला. अभिनव हातातलं तुपाचं भांडं तसंच धरून उभा होता. त्या पोस्टरसाठी बाईंनी रोज त्याचं डोकं खाल्लं होतं. त्याने वाकून त्यांच्या पोळीवर तूप वाढलं, जरा जास्तच.

जयाबाईंनी एक घास मोडून तोंडात घातला. मग दुसरा. मग त्या एकदम थांबल्या, त्यांनी चष्मा काढला आणि झग्याच्या बाहीने खसाखसा डोळे पुसायला सुरुवात केली.

"फार तिखट केलंय हो हे," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या.

मुक्ताईंनी वाकून त्यांच्या पानात पाहिलं. "अजून भाजी वाढलीच न्हाई वो ताई. नुसती पुरणाची पोळी हाय पानात."

"मग वाढा की," जयाबाई म्हणाल्या. "बघत काय बसलात?"